खालनं ताजं काळं कोटिंग मारलेली जुनी पिकअप घेताय? टोकन द्यायच्या आधी हे वाचा

जुनी फोर बाय फोर पिकअप बघत असाल तर हे पूर्ण वाचा. माझे 10,85,000 रुपये गेलेत, वर 1,45,800 चं एस्टिमेट हातात आहे आणि ज्यानं ही गाडी माझ्या गळ्यात मारली तो आता फोन उचलत नाही.

माझी ऊसाच्या रोपांची नर्सरी आहे. गगनबावडा, राधानगरी साईडला भर पावसात रोपं पोचवायची तर साधी पिकअप रानातच रुतून बसते, म्हणून इसुझूची व्ही-क्रॉस शोधत होतो. हायवेला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एकाकडं 2018 चं मॉडेल मिळालं, एमएच 09 पासिंग, वरनं एक ओरखडा नाही. "दादा, बागायतदाराची गाडी हाय, घर ते रान, बास." 25,000 टोकन, 9,60,000 आरटीजीएस आणि 1,00,000 रोख. रोखीची पावती नंतर देतो म्हणाला, ती आजपर्यंत दिलेली नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप लागत नाही. मी खाली वाकून बघितलं होतं. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. चेसिस काळी कुळकुळीत, बोट लावलं तर बोटाला चिकट काळं लागलं, वास पण ताजा. आणि कोटिंग फक्त मधल्या भागाला! मागच्या हाऊसिंगवर, पाट्यांवर जुनी धूळ तशीच. विचारलं तर म्हणतो, "पावसाळ्यात गंजू नये म्हणून मारलंय, उलट तुमचाच फायदा की." आपल्याकडं पावसाळ्याच्या तोंडावर निम्म्या गाड्यांना अंडरकोटिंग होतं, त्यात संशय घेण्यासारखं काय होतं सांगा? रॅम्पवर चढवा म्हटलं तर रॅम्प बंद आहे म्हणाला. मी मागितला नाही असं नाही, त्यानं मुद्दाम दिला नाही.

गगनबावड्याच्या रोडला 70 च्या पुढं गेलं की खालनं घूं घूं आवाज आणि व्हायब्रेशन. उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रीकडं रॅम्पवर घेतली, त्यानं डिझेल मारून कोटिंग खरवडलं आणि एकेक बाहेर यायला लागलं. चेसिसच्या डाव्या पट्टीला आत गेलेला पोचा आणि त्याच्यावर हातानं मारलेलं वेल्डिंग, ऑइल चेंबरला एमसील, प्रोपेलर शाफ्ट दगडावर बसून वाकलेला. ट्रान्सफर केसचा (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गियरबॉक्स) नट खोलल्यावर ऑइल चहासारखं दुधाळ आलं, म्हणजे आत पाणी शिरलेलं, खाली बारीक वाळू. म्हणजे गाडी ओढ्यात बुडवून काढलेली आणि नंतर ऑइलसुद्धा बदललेलं नाही. मिस्त्री म्हणाला ही रानातली गाडी नव्हं, दगडावर चढवायच्या हौशीची गाडी आहे.

ट्रान्सफर केस 78,500, चेसिस सरळ करायला 32,000, चेंबर 14,600, शाफ्ट 9,200, मजुरी 11,500.

त्यामुळं ऐका, ताजं कोटिंग दिसलं की स्क्रॅपरनं खरवडू द्या म्हणायचं, नाही म्हणाला तर तिथनं उठायचं. पिकअपची स्टेपनी मागं हौद्याच्या खाली टांगलेली असते, ती खाली उतरवून वरची जागा बघा, तिथला चिखल धुवायला कुणाचा हात पोचत नाही, माझ्या गाडीत तिथं लाल माती आणि वाळलेल्या काड्या कोंबलेल्या निघाल्या. चेसिसच्या भोकांत पण बघा.

चौकीत गेलो तर अर्ज पण धड वाचला नाही. "दिवाणी मॅटर हाय, कोर्टात जावा." "जुनी गाडी घेताना बघून घ्यायला नको व्हय?" अहो बघितली, पण जे लपवलंय ते कसं दिसणार? 500 च्या स्टॅम्पवर डिलिव्हरी नोट आहे, त्यात एक ओळ असते, "गाडी पाहून, तपासून, चालवून घेतली, पुढे तक्रार राहणार नाही". तेवढ्या एका ओळीवर बोट ठेवून मला परत पाठवलं, परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. वकिलानं दाखवलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय, अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणं ही फसवणूकच. मोडलेल्या चेसिसवर वेल्डिंग मारून त्यावर डांबर फासणं लपवणं नाही तर काय आहे? हे मी, नर्सरीवाल्यानं, खाकीतल्या माणसाला समजवायचं? आणि इन्शुरन्सवाला सांगतो नुकसान आधीचं आहे, आमचा संबंध नाही. मग संबंध कुणाचा आहे? टॅक्स भरायचा आम्ही, प्रीमियम भरायचा आम्ही, आणि ज्यानं फसवलं तो त्याच हायवेला दुसऱ्या गाडीला काळं फासत बसलाय.

चौकीत घेत नसतील तर तक्रार लेखी, पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडं पाठवता येते, मी पाठवलीय. ग्राहक आयोगात पण टाकतोय, 10 ते 20 लाखांच्या व्यवहाराला फी 400 रुपये आहे, मुदत दोन वर्षं. धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं समोरचा म्हणणारच, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं 'धंद्यासाठी' धरत नाहीत, म्हणजे तुम्ही ग्राहकच, घाबरू नका. घरगुती माणसाकडनं घेतली तर मात्र हा रस्ता अवघड, म्हणून धंदेवाल्याकडनं पावती घ्याच. रोख एक रुपया देऊ नका. गियर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल बोटावर घेऊन बघा. फोर लो (फोर बाय फोरचा हळू चालणारा, जास्त ताकदीचा गियर) टाकून चालवून बघा. ब्रेकचा पाइप कुठं चेपलाय का बघा. टायर आतल्या बाजूनं झिजलेत का तेही.

आता मला एकच दाखवायचंय, गाडी कशी वापरली होती हे विकणाऱ्याला माहीत होतं. पांढरी व्ही-क्रॉस, 2018, मागच्या बंपरला उजवीकडं टो हुक लावलेला. ओढ्यात, दगडात चालवतानाचा हिचा फोटो किंवा व्हिडिओ कुणाकडं असेल तर मेसेज करा, तारखेसकट पाठवा.