ताळगाव की बांदोडे-कवळे: घर घेणाऱ्यासाठी दोन खोऱ्यांचा तुलनात्मक आढावा

पणजीत नोकरी असलेल्या आणि गोव्यात कायमचे घर घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबापुढे अनेकदा दोन ठिकाणे येतात. पहिले पणजीला चिकटून असलेला ताळगावचा सखल भाग आणि दुसरे फर्मागुडीच्या उताराखाली पसरलेले, फोंडा शहराला लागून असलेले बांदोडे-कवळ्याचे खोरे. अंतराचा निकष एका वाक्यात संपतो. ताळगावहून पणजी काही मिनिटांवर आहे, तर फोंड्याकडून सुमारे तीस किलोमीटरचा प्रवास रोज दोनदा करावा लागतो. मात्र केवळ एवढ्यावर निर्णय घेऊ नये, कारण या दोन खोऱ्यांतील जमीन, तिच्यावरचे पाणी आणि तिच्यावरचे हक्क अगदी वेगळ्या रीतीने घडलेले आहेत.

ताळगावच्या एका बाजूला आल्तिनोची टेकडी आणि दुसऱ्या बाजूला दोनापावल-बांबोळीचे जांभ्याचे पठार आहे. मधली जमीन मुळात भातशेतीची असून तिच्यावरचे पाणी सांतइनेजच्या खाडीतून मांडवीत जाते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की हे पाणी तुंबते. जिथे शेत बुजवून इमारत उभी राहिली आहे तिथे तळमजल्याचे घर स्वस्तात मिळत असले, तरी ते पावसाळ्यात पाहिल्याशिवाय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बांदोडे-कवळ्यात चढउतार अधिक आहे. तेथे पोफळी, माड, केळी आणि मिरवेलींची कुळागरे झऱ्यांच्या पाण्यावर टिकून आहेत. येथील धोका पाणी साचण्याचा नसून डोंगर कापून केलेल्या सपाटीचा आहे, त्यामुळे घरामागची कापलेली दरड आणि तिच्या वरच्या बाजूचे बांधकाम दोन्ही तपासावे. नळाच्या पाण्याबाबत मात्र दोघांचे दैव एकच आहे, कारण दोन्हीकडे ते खांडेपार नदीवरील ओपा प्रकल्पातून येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये तेथील जलवाहिन्या फुटल्या तेव्हा तिसवाडी (ज्यात ताळगाव येते) आणि फोंडा हे दोन्ही तालुके कोरडे पडले होते.

या भूभागांचा इतिहास अडीच शतकांच्या अंतराने वेगळा झाला. तिसवाडी बेट 1510 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेले, तर फोंडा महाल (तेव्हाचा परगणा) सौंदेकर राजांकडून त्यांच्याकडे आला तो 1763 मध्ये. मधल्या काळात गोव्यातील सासष्टी भागातली मंदिरे पाडली जाऊ लागली तेव्हा देव जुवारी नदीपलीकडे, म्हणजेच या महालात, हलवले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि लोटलीचा रामनाथ बांदोड्याला आला. नागेश मात्र बांदोड्याचाच आहे आणि तेथील शिलालेख 1413 मधील, विजयनगर काळातील आहे. संभाजी महाराजांच्या काळात, 1683 मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता, पण त्याला माघार घ्यावी लागली.

आजचे समाजजीवन या इतिहासातूनच आलेले आहे. ताळगावात कॅथलिक गावकार (गावचे मूळ हक्कदार) आणि शेती-भाजीपाल्यावर जगत आलेली कुटुंबे जुनी, तर विद्यापीठ, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि सरकारी कचेऱ्यांमुळे आलेली कुटुंबे नवी. ऑगस्टमध्ये नव्या भाताच्या कणसांचे फेस्त येथे अजूनही थाटात होते. फोंडा महालात सारस्वत, भंडारी, गोमंतक मराठा समाज, गावडे आणि शहरातील मुस्लिम वस्ती एकत्र नांदते. केसरबाई केरकर याच तालुक्यातील केरीच्या, तर दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच उभे केलेले मराठी नाटक आणि भजन ज्यांना घराजवळ हवे आहे, त्यांना ताळगावात ते इतक्या सहज मिळणार नाही. कला अकादमीचे प्रयोग मात्र ताळगावातून जवळ पडतात. माघातील जत्रांच्या दिवसांत कवळे आणि मंगेशीकडील रस्त्यांवर वाहनांची कोंडी होते, हेही विसरू नये.

सर्वाधिक काळजी कागदपत्रांची घ्यावी. ताळगावात बरीच जमीन परंपरेने कोमुनिदादची, म्हणजे गावकारांच्या सामुदायिक संस्थेची आहे, तर फोंड्यात देवस्थानांच्या जमिनी 1933 च्या नियमावलीनुसार महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांच्या, कारभाराखाली आहेत. दोन्हीकडे कुळांचे आणि मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे) हक्क वेगळे असू शकतात. म्हणून एक-चौदाच्या (गोव्यातील सातबारासारख्या) उताऱ्यावरील कब्जेदाराबरोबरच कुळाचा रकाना वाचावा, बिगरशेतीची सनद मागावी आणि प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये किंवा लागू असलेल्या स्थानिक आराखड्यात तो भूखंड वसाहतीचा दाखवला आहे की शेतीचा, हे स्वतः पाहावे. फोंडा तालुका 2015 पासून दक्षिण गोवा जिल्ह्यात असल्याने तेथील जिल्हा पातळीवरची कामे मडगावला होतात.

दोघांचीही नोकरी पणजीत असेल आणि मुले लहान असतील तर ताळगावातील उंच जोत्यावरची, पठाराच्या बाजूची जागा घ्यावी. निवृत्ती जवळ आली असेल किंवा घरून काम करता येत असेल तर मी बांदोड्याकडे झुकेन, मात्र कुळागर तोडून पाडलेल्या भूखंडाकडे फिरकणारही नाही.