गेरूचं लग्न: बेळगावातल्या हातचित्र लग्नसजावटीचं परीक्षण

शहापूर-वडगावच्या बाजूला एका छोट्या कार्यशाळेत सध्या लग्नाचा सगळा हाताने केलेला संच मिळतो. त्यात पत्रिका, अंतरपाट, बोहल्यामागचा पडदा, दिशादर्शक पाट्या, मडकी-टोपल्यांची मांडणी आणि रुखवताच्या टेबलाची सजावट येते. रंग मुख्यतः दोनच, गेरू आणि पांढरा. चारशे पत्रिकांसह पूर्ण संच लाखाच्या थोडा वर जातो. सुट्या वस्तूही मिळतात, आणि खरं तर सुट्याच घ्याव्यात. पत्रिका आणि अंतरपाट डोळे झाकून घ्या. पडदा अटींवर घ्या. मडक्यांची मांडणी त्यांच्याकडून घेऊ नका, जवळच्या खानापूरहून मडकी आणून घरच्या घरी ती जास्त चांगली होते.

चित्रांची निवड मात्र विचारपूर्वक केलेली आहे. कार्यशाळा दोन शैलींत काम करते, वारली आणि चित्तार. दोन्ही मुळात लग्नाच्याच चित्रशैली. वारली घरात लग्नाच्या वेळी सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. चित्तार ही शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर-सोरब भागातल्या दीवरू समाजाच्या बायकांची कला. नवरा-नवरी ज्या भिंतीपाशी बसतात तिथे लाल मातीवर तांदळाच्या पिठीच्या सरळ रेघांनी ती काढतात. काळा रंग भाजून जाळलेल्या तांदळाचा, आणि कुंचला पुंडीच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, वाखाचा. बेळगावातून पाहिलं तर वारलीचं पालघर लांब आणि चित्ताराचं सागर जवळ. पण आपल्या मराठी घरांत वारली सगळ्यांना ठाऊक आणि चित्ताराचं नाव ऐकलेले थोडे. सोयरीक कानडी घरात होत असेल तर चित्तार मागा. दोन्हीकडच्या पाहुण्यांना ती आपली वाटते, आणि गावात प्रत्येक दुसऱ्या हॉटेलच्या भिंतीवर दिसणाऱ्या वारलीपेक्षा ती ताजीही दिसते.

एका गोष्टीवर अडून बसा. त्यांच्या नमुन्यांत पालघाट देवीचा चौक सेल्फीच्या चौकटीवर काढलेला आहे. तो पूजेचा चौक आहे, त्याच्या मधोमध तोंड घालून फोटो काढायची जागा नव्हे. सांगितलं तर कुरकुर न करता बदलून देतात. त्याऐवजी तारपा या फुंकवाद्याभोवतीच्या नाचाचा गोल घ्यावा. नाच, बैलगाडी, भात झोडणी, वरात ही दृश्यं सजावटीला मोकळी आहेत.

पत्रिका

कार्यशाळेचं सगळ्यात पक्कं काम हेच. कागद सुती चिंध्यांचा हातकागद, दोनशे जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या) आसपास, कडा न कापलेल्या. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून या कागदासाठी ओळखली जाते, पण बाजारात हातकागदाच्या नावाखाली यंत्रावरचा खरखरीत कागदही खपवतात. ओळखायला सोपं आहे. एक कोपरा ओला करून फाडा. खऱ्या हातकागदाचे तंतू सगळ्या बाजूंनी सारखे ओढले जातात, यंत्रावरचा कागद एका दिशेने सरळ फाटतो. इथला कागद या परीक्षेत उतरतो.

छपाई स्क्रीनची आहे, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई ओढून केलेली, आणि ती तशीच हवी. हातकागदाची जाडी पानापानाला बदलते, त्यामुळे ऑफसेटवर तो नीट धावत नाही आणि लेझर प्रिंटरमध्ये अडकतो. स्क्रीनमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी चौकट बनवावी लागते आणि तो खर्च ठरलेला असतो. म्हणूनच चारशे पत्रिकांना नगामागे नव्वद-पंच्याण्णव रुपये पडतात आणि दीडशेला तोच आकडा दीडपट होतो. दोनशेच्या खाली हा प्रकार परवडत नाही. मग घरच्या जवळच्या पाहुण्यांपुरत्या हातकागदाच्या आणि बाकीच्या साध्या, असं करावं.

ते दोन प्रकार दाखवतात. एकात गेरूत रंगवलेल्या कागदावर पांढरी शाई, दुसऱ्यात मूळच्या दुधी कागदावर गेरू रंगाची शाई. पहिला प्रकार दुकानात बघताच आवडतो, पण घ्यावा दुसरा. पांढरी शाई गडद कागदावर एका हातात बसत नाही, दोनदा ओढावी लागते, आणि दुसऱ्या हाताला चौकट केसभर जरी सरकली तरी अक्षरं दुहेरी दिसतात. शिवाय गेरूचा कागद हाताला लागतो, मग पांढऱ्या शर्टाच्या खिशालाही. चित्रातली रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर खरखरीत कागदावर ती तुटते, म्हणून चित्तारासारखी दाट जाळी पत्रिकेवर मोठी करून, थोडक्यातच वापरलेली बरी. हे त्यांना स्वतःहून कळतं, ही जमेची बाजू. के. बी. कुलकर्णी आणि रवी परांजपे या चित्रकारांच्या गावात रेघ कच्ची असली की बघणारा बोलून दाखवतोच.

खरी कसोटी दोन लिप्यांची. आपल्याकडे बऱ्याच पत्रिका मराठी-कन्नड असतात, आणि चुका नेमक्या तिथे होतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला युनिकोड मजकूर जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की मराठीतली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते आणि ‘ऱ्ह’सारखं अक्षर फुटतं. कुऱ्हाडे आडनावाच्या घराला याचा अनुभव विचारा. कन्नडमध्ये ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, ओळीखाली लोंबतात. मराठीला बसणारं ओळींमधलं अंतर तसंच कन्नडला ठेवलं तर वरच्या ओळीचं ओत्तक्षर खालच्या ओळीच्या डोक्यावर आदळतं. कन्नड मजकुराला मराठीपेक्षा किमान पाव पट जास्त अंतर सोडायला सांगा, आणि अक्षर बारा पॉइंटच्या खाली नको, कारण हातकागदावर शाई जराशी पसरते आणि बारीक ओत्तक्षरांची पोटं भरून जातात. कार्यशाळेत मराठी तपासणारा माणूस चांगला आहे, कन्नडची बाजू लंगडी आहे. कन्नड वाचणाऱ्या नातेवाइकाला छापील प्रूफ दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. मोबाइलवरचं चित्र प्रूफ म्हणून चालणार नाही. अंतिम फाइलमध्ये अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदलून घेतली आहेत ना, हेही विचारा. नाहीतर प्रूफ बरोबर आणि छपाईला दुसऱ्याच संगणकावर फॉन्ट नाही, असं होतं.

तीन पानं आणि पाकीट मिळून एक पत्रिका तीस ग्रॅमच्या आसपास भरते. चारशेचा गठ्ठा म्हणजे बारा किलो. मोटारसायकलवरून गावोगाव वाटणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावं. आणि कोपऱ्यांना हळद-कुंकू लावताना ओलं लावू नका. न कापलेली कड पाणी शोषते आणि पिवळा डाग बोटभर आत जातो. कोरडं कुंकू, चिमटीने.

अंतरपाट

याला साडेतीन हजार रुपये जास्त वाटतात, पण हे काम दुसरीकडे इतकं नीट होत नाही. अंतरपाट दोन माणसांनी सगळ्या मंगलाष्टका होईपर्यंत धरायचा असतो, तेव्हा तो हलका हवा. अ‍ॅक्रिलिक रंग जाड लावला की कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं, घडीवर तडकतं आणि धरणाऱ्यांचे हात भरून येतात. इथे मलमलीचं दुहेरी कापड घेतात, चित्र फक्त कडेच्या नऊ इंची पट्ट्यात, आणि मधला भाग कोरा. तिथे भटजी कुंकवाने स्वस्तिक काढतात. कापड दुहेरी असल्यामुळे एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला फुटत नाही. नवरीकडच्या बाजूला तिच्या माहेरच्या गावाची खूण आणि नवऱ्याकडे त्याच्या गावाची, असंही करून देतात. येळ्ळूरचा राजहंसगड छान जमतो, कारण तटबंदी आणि बुरूज वारलीच्या त्रिकोणी रेघांत सहज उतरतात. लग्नानंतर चौकट करून भिंतीवर लावायचा असेल तर अक्षतांचं कुंकू आधी कोरड्या ब्रशने झटका, पाणी लावू नका.

बोहल्यामागचा पडदा

आठ बाय दहा फुटांचा पडदा, चौदा हजार. अडचणी इथे सुरू होतात. कापड मांजरपाट. मांजरपाटाला गिरणीची खळ असते. ती उकळत्या पाण्यात काढून, कापड एकदा वाळवून मगच रंग लावायचा असतो, नाहीतर रंग वरवर बसतो आणि कापड नंतर आक्रसून चित्र वेडंवाकडं होतं. घाईच्या दिवसांत ही पायरी गाळली जाते. ओळखायचं असेल तर रंगवलेल्या कापडाची मागची बाजू बघा. गेरू मागे सारखा उतरलेला असेल तर खळ निघालेली आहे, ठिपक्याठिपक्यांनी उतरला असेल तर नाही.

गेरूचं प्रमाण त्यांचं ठीक आहे: एक किलो गेरू, पाव किलो फेविकॉल, सव्वा ते दीड लिटर पाणी, दोन हात, मध्ये पूर्ण वाळवण. फेविकॉल कमी पडला तर गेरू हाताला लागतो, जास्त झाला तर कापड चकाकतं आणि मातीचा भाव जातो. पांढऱ्यासाठी ते तांदळाची पिठी आणि बाभळीचा डिंक वापरायचा आग्रह धरतात. भिंतीवर ते योग्यच. पण गुंडाळून न्यायच्या कापडावर पिठी तडकते, आणि दमट हवेत तिला बुरशी येते. पडद्यासाठी पांढरं पोस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक मागा आणि पिठीचं काम घरच्या भिंतीवर करून घ्या. ताबा घेताना ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासून बघा. फडकं लाल झालं तर वरून पातळ फेविकॉलचा, एकास चार पाण्याचा, एक हात मारून घ्या. नवरदेवाचं सोवळं पडद्याला टेकणारच आहे.

दुसरी चूक आकाराची. कार्यशाळेत हातभर अंतरावरून चित्र सुंदर दिसतं. कार्यालयात मागच्या रांगेतून चार बोटं उंचीची वारली माणसं नुसती खरचटल्यासारखी दिसतात. मुख्य आकृत्या किमान वीतभर उंच आणि रेघ बोटाच्या निम्म्या जाडीची हवी. बारीक काम खालच्या दोन फुटांत कशाला, तिथे जोडपं आणि पाट असतात, दिसणारच नाही.

रंगसंगतीचंही बघा. गेरू उजेड पितो. कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांखाली तो तपकिरी दिसतो आणि लाल शालू त्यात बुडून जातो. पिवळी अष्टपुत्री किंवा हिरवी साडी त्यावर उठून दिसते. नवरीचा शालू लाल ठरला असेल तर पडदा उलटा घ्या, दुधी कापडावर गेरूची रेघ. होमकुंडापासून पडदा निदान चार फूट मागे ठेवा, आणि त्याला लावलेल्या पेंढ्याच्या झालरी तर काढूनच टाका.

मडकी, टोपल्या, खण

खानापूरची लाल मडकी दिसायला फार छान, पण ती पाझरतात. फुलांसाठी पाणी घातलं की दोन तासांत टेबलाचं कापड ओलं. आत स्टीलचा पेला बसवला की प्रश्न संपतो, पण कार्यशाळा तो देत नाही आणि मडक्यामागे बाजाराच्या तिप्पट भाव लावते. पणत्या आधी चार तास पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर तेल मातीतच जिरतं.

बुरुडाच्या टोपल्या आणि सुपं ओल्या बांबूची असली तर वाळताना विण सैल होते, आणि जुनी असली तर भुंगा लागलेला असतो. तळाशी पिठासारखी भुकटी पडली असेल तर ती टोपली परत करा. गुळेदगुड्डच्या खणाच्या पट्ट्या टेबलावर सुरेख दिसतात, पण कापलेली कड लगेच उसवते, म्हणून मागून चिकट कापड इस्त्रीने लावलेलंच घ्या. रुखवतासाठी गोकाकची रंगीत लाकडी फळं मात्र थेट गोकाकहून आणा. ती या मातकट रंगांत एकदम चमकतात.

बांधणी आणि वेळ

बेळगावातल्या बहुतेक कार्यालयांत भिंतीला खिळा मारू देत नाहीत आणि आधीचं लग्न आवरल्यावर हातात जेमतेम तीन-चार तास उरतात. कार्यशाळेची बांबूची चौकट स्वतःच्या पायावर उभी राहते, काथ्याने बांधलेली, आणि दोन माणसं ती दीड-दोन तासांत उभी करतात. मोकळ्या मैदानावर किंवा शेतात लग्न असेल तर प्रत्येक पायाला वाळूचं पोतं मागा. पडदा वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि चौकट पुढे झुकते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो आणि गेरूचा रंग खाली ओघळतो, म्हणून वरून ताडपत्रीचं छप्पर असल्याशिवाय पडदा बाहेर लावू नका.

पत्रिकेसाठी लग्नाच्या दहा आठवडे आधी जा. कागद येणं, दोन प्रूफ, छपाई आणि वाळवण यातच पाच आठवडे जातात. पावसाळ्यात शाई वाळायला दुप्पट वेळ लागतो, आणि घाईने रचलेल्या गठ्ठ्यात वरच्या पानाची शाई खालच्याला लागते. पडद्याला तीन आठवडे पुरतात. चौकट आणि टोपल्यांसाठी ते अनामत रक्कम घेतात. ती परत मिळते, पण नेताना प्रत्येक टोपलीचा फोटो काढून ठेवा. मोडलेली विण आधीची की लग्नातली, यावर नंतर वाद होतो.