एकच प्रेमकथा, पाच देश: ‘हाना योरी दांगो’ची कोणती मालिका निवडावी?

आशियाई मालिकांकडे नव्याने वळणाऱ्याला पहिला सल्ला बहुतेकदा एकच मिळतो: कोरियन ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ बघ. सल्ला मनापासूनचा असतो, पण तो सगळ्यांना लागू पडत नाही. पहिले दहा भाग झपाट्याने उरकतात, पुढे गाडी अडते, आणि माणूस ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून सोडून देतो. खरं तर त्याच गोष्टीवर पाच देशांनी मालिका काढल्या आहेत, आणि त्यातली दुसरी एखादी त्याला नक्की रुचली असती.

मूळ गोष्ट जपानी. योको कामिओ यांची ‘हाना योरी दांगो’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९२ पासून ‘मार्गारेट’ या नियतकालिकात आली. तिच्यावर तैवानने २००१ मध्ये, जपानने २००५ आणि २००७ मध्ये, कोरियाने २००९ मध्ये, चीनने २०१८ मध्ये आणि थायलंडने २०२१-२२ मध्ये मालिका केल्या. सांगाडा सगळीकडे तोच. साध्या घरातली मुलगी बड्या बापांच्या मुलांच्या शाळेत किंवा कॉलेजात येते. तिथे ‘एफ-४’ नावाच्या चार धनाढ्य पोरांची सत्ता चालते. ही मुलगी त्यांच्यासमोर मान तुकवत नाही, आणि टोळीचा म्होरक्या तिच्याच प्रेमात पडतो. तिचा जीव मात्र आधी त्याच्या शांत, व्हायोलिन वाजवणाऱ्या मित्रावर जडलेला असतो.

निवड करताना लोक नायकाचा चेहरा बघतात. आधी बघावी ती भागांची संख्या. या गोष्टीतलं प्रेम किती वेगाने फुलतं, कुठे रेंगाळतं आणि कुठे पाणी घालून वाढवलं जातं, हे त्या त्या देशातल्या टीव्हीच्या वेळापत्रकाने ठरवलं आहे.

जपानमध्ये मालिका तीन महिन्यांच्या हंगामात बसवतात. आठवड्याला एक भाग, म्हणजे नऊ ते अकरा भागांत सगळं आटपायचं. त्यामुळे टीबीएस वाहिनीवरच्या २००५ च्या पहिल्या पर्वाचे भाग फक्त ९ आणि २००७ च्या दुसऱ्याचे ११. पहिलं पर्व जेमतेम सात तासांचं. कोरियन मालिका २५ भागांची, प्रत्येक भाग तासाभराहून थोडा मोठा, म्हणजे सत्तावीस तासांच्या आसपास. चिनी ‘मेटिऑर गार्डन’चे ४९ भाग पाऊण-पाऊण तासाचे, एकूण छत्तीस तासांहून जास्त. थायलंडची १६ भागांची. रात्री जेवणानंतर एक भाग बघणाऱ्याला जपानी पहिलं पर्व दीड आठवड्यात संपवता येतं, चिनी मालिकेला सात आठवडे लागतात.

हा फरक पडद्यावर कसा उतरतो ते दोघांच्या पहिल्या ‘डेट’च्या प्रसंगात नीट दिसतं. नायक परस्पर वेळ-जागा ठरवून मोकळा होतो, नायिका जायचं नाही म्हणते, आणि कित्येक तासांनी उगाच खात्री करायला जाते तर हा अजून ताटकळत उभा. जपानी मालिकेत ही जागा तोक्योतलं एबिसू गार्डन प्लेस आहे. तिथून दोघं एका इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकतात. बंद पेटीसारखी जागा, नायकाला ताप चढलेला, बघायला दुसरं काहीच नाही. त्यामुळे कॅमेरा दोघांच्या चेहऱ्यांवर राहतो आणि तिचा राग काळजीत बदलताना आपण पाहतो. कोरियन मालिकेने तोच प्रसंग सोलच्या नामसान टेकडीवर नेला. दोघं केबल कारमध्ये अडकतात, आणि इथे प्रसंग मोठा होतो, देखणा होतो, रात्रभर लांबतो. कोरियन आवृत्ती आवडणाऱ्यांना हाच भव्यपणा हवा असतो. न आवडणारे म्हणतात की देखाव्यात माणसं हरवली. दोघांचंही म्हणणं खरं आहे. आपण कुठल्या बाजूचे, हे या एका प्रसंगावरून कळतं.

आता छळाचा मुद्दा, आणि माझ्या मते निवडीचा खरा कस इथेच लागतो. जपानी मालिकेत एफ-४ ज्याच्यावर खार खातात त्याच्या लॉकरमध्ये लाल चिठ्ठी लावली जाते, आणि मग सगळी शाळा त्या मुलाच्या मागे लागते. कोरियन आवृत्तीची सुरुवात तर याहून भीषण आहे. ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणाऱ्यांची मुलगी जान-दी कपडे पोचवायला शाळेत जाते आणि छळाला कंटाळून गच्चीवरून उडी मारायला निघालेल्या मुलाला वाचवते. त्या बातमीने गाजावाजा होतो, तो निवळावा म्हणून तिला पोहण्याच्या शिष्यवृत्तीवर शाळेत घेतात. इतकी गंभीर सुरुवात करून मालिका पुढे त्या मुलाला जवळजवळ विसरते. म्होरक्या कू जुन-प्यो प्रेमात पडला की त्याने केलेलं सगळं माफ. आजच्या प्रेक्षकाला हे खटकतं आणि खटकायलाच हवं. जबरदस्तीने जवळ ओढणं, उचलून नेऊन कपडे बदलायला लावणं, हे २००९ मध्ये रुबाब म्हणून दाखवलं गेलं. ते सहन होणार नसेल तर जुन-प्यो साकारणारा ली मिन-हो कितीही आवडत असला तरी ही मालिका बाजूला ठेवा.

चीनने यावर वेगळाच मार्ग काढला. गोष्ट विद्यापीठात नेली, लाल चिठ्ठी काढून टाकली, त्या जागी ब्रिज खेळणाऱ्या एफ-४ च्या हाती जोकरचा पत्ता दिला, आणि छळ आव्हानावर आणून ठेवला. नायिका शानत्साई आहारशास्त्र शिकते. नायिका-नायक झालेले शेन युए आणि डिलन वांग दोघंही गोड दिसतात, भांडणं हलकीफुलकी आहेत, घरात सगळ्यांसोबत बसून निर्धास्त बघता येतं. पण जो मुलगा मुळात फारसा वाईट नव्हताच, तो सुधारला याचं कौतुक कितीसं वाटणार? त्यात ४९ भाग. त्याच त्या गैरसमजाला तीन-तीन भाग लागतात. २०२० मध्ये चिनी नियामकांनी मालिकांना ४० भागांची मर्यादा घातली. ही मालिका त्याआधीची आहे आणि ते जाणवतं. दिवसभराचं काम संपल्यावर डोक्याला ताप नको, पार्श्वभूमीला काहीतरी आल्हाददायक चालू राहू दे, अशी गरज असेल तर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

थायलंडची ‘एफ-४ थायलंड’ नेमकी उलट्या दिशेला गेली. जीएमएमटीव्ही या थाई कंपनीच्या या मालिकेने लाल कार्ड ठेवलं आणि त्याचे परिणामही ठेवले. छळ होताना मोबाइल काढून चित्रीकरण करणारे, हसणारे, गप्प बसणारे विद्यार्थी इथे नुसती गर्दी नाहीत. त्यांचीही जबाबदारी मालिका विचारते. ज्यांचा छळ झाला त्यांच्या मनात काय उरतं याला वेळ दिला आहे. अभिनेता ब्राइटने साकारलेला नायक थाईम बदलतो तेव्हा त्याला आधी आपण काय केलं ते समजून घ्यावं लागतं, आणि नायिका गोरया (अभिनेत्री ‘तू’ तोंतावान) त्याला सहज माफ करत नाही. थाई टीव्हीवर थप्पड आणि चुंबन एकाच दमात दाखवणाऱ्या प्रेमकथांची जुनी परंपरा आहे, हे लक्षात घेतलं की या बदलाचं मोल कळतं. शिवाय टोळीतल्या उरलेल्या दोन मित्रांना स्वतःच्या गोष्टी मिळतात. इतरत्र ते बहुतेक वेळा नुसते शोभेला असतात.

शांत मित्राबद्दल प्रेक्षकांत सर्वाधिक वाद होतात. कोरियन मालिकेने जी-हूला अनाथपण दिलं, माजी राष्ट्राध्यक्ष असलेले आजोबा दिले, आणि नायिका रडत असेल तिथे त्याला हजर ठेवलं. नायक धसमुसळा, मित्र समंजस. मग प्रेक्षक मित्राच्या बाजूला झुकणार नाहीत तर काय? शेवट ठाऊक असूनही पंचवीस भाग हळहळत राहावं लागतं, हा अनेकांना आनंद वाटतो, अनेकांना जाच. जपानी आवृत्तीत पारडं इतकं झुकत नाही. शुन ओगुरीचा रुई मोहक आहे, पण जुन मात्सुमोतोचा दोम्योजी विनोदी आहे: म्हणी चुकीच्या वापरतो, भोळसटपणे फजीत होतो, आणि त्या फजितीतून लोभस वाटू लागतो. या चुकांची गंमत सबटायटलमध्ये अर्धीच पोचते, तरी अभिनयातून उरलेली कळते.

नायिकेकडे बघितलं तर माओ इनोउएची त्सुकुशी सगळ्यांत पक्की. तिचा राग शेवटपर्यंत शाबूत आहे. कू हे-सनची जान-दी सुरुवातीला हवेत उडून लाथ घालते, पण खांद्याच्या दुखापतीने पोहणं सुटतं आणि दुसऱ्या अर्ध्यात तिच्या वाट्याला बहुतेक रडणं येतं. त्या काळी कोरियात आठवड्याला दोन भाग दाखवत असतानाच पुढचं चित्रीकरण चालायचं. लेखकाला उसंत नाही, नटांना झोप नाही. उत्तरार्धातली ओढाताण तिथून आली आहे. अपघात, स्मृतिभ्रंश, नवी मुलगी मध्ये येणं, हे सगळं शेवटच्या भागांत दाटीवाटीने येतं. स्मृतिभ्रंश जपानी दुसऱ्या पर्वातही आहे, पण तिथे तो फार ताणलेला नाही.

नायकाची आई सगळीकडे तीच: पैसे पुढे करून नायिकेच्या घरच्यांना विकत घेऊ पाहणारी. मराठी दैनंदिन मालिका बघून वाढलेल्यांना ही बाई ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे तिचा निकाल काही भागांत लागतो.

तैवानच्या मालिकेबद्दल थोडक्यात. बार्बी शू आणि जेरी यान या कलाकारांच्या, चिनी मालिकेच्याच नावाच्या या जुन्या ‘मेटिऑर गार्डन’नेच ही गोष्ट फिलिपिन्स-इंडोनेशियापर्यंत गाजवली, आणि पुढच्या आवृत्त्यांना वाट करून दिली. बार्बी शूचं काम आजही ताजं वाटतं. चित्रण मात्र जुनं आणि नायकाचा हिंसकपणा सगळ्यांत उघडा. बाकीच्या दोन-तीन बघून झाल्यावर कुतूहल म्हणून बघा, पहिली म्हणून नको.

मग सुरुवात कुठून? वेळ कमी असेल आणि लेखन घट्ट हवं असेल तर जपानी २००५, मग लगेच २००७, मग २००८ चा शेवटचा चित्रपट, याच क्रमाने. चित्रपट आधी लावू नका; त्यात लग्न ठरलेल्या जोडप्याची गोष्ट आहे, त्यामुळे सगळी रंगत जाते. आजच्या विचारांची, रडू आलं तरी चालेल अशी हवी असेल तर थाई. डोळे दिपवणारं, तुफान भावुक काही हवं असेल आणि नायकाची दांडगाई पचवायची तयारी असेल तर कोरियन. तिथे बाराव्या-तेराव्या भागानंतर कंटाळा आला तर अपराधी वाटून न घेता थेट शेवटचे दोन भाग बघा, गोष्ट समजते. चिनी मालिकेचे पहिले चार भाग बघा. त्यात शानत्साईची चिडचिड आवडली तर पुढचे पंचेचाळीसही आवडतील, कारण त्यांचा सूर बदलत नाही.