शांघायमध्ये एकेक युआन वाचवला आणि नऊ हजार सहाशे घालवले

आधीच सांगतो, मी काही भोळाबिळा माणूस नाही. चाकणला पार्ट सप्लायर लोकांशी रेटवरून भांडण्यात माझी अकरा वर्षं गेलीत. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने सहा महिन्यांसाठी शांघायला पाठवलं तेव्हा मी पूर्ण तयारीने गेलो होतो, कुठे किती लागतं, कोण कसं लुटतं, सगळं वाचून. आणि तरीही गंडलो. कोणी शांघाय, ग्वांगझोउ किंवा तिकडे कुठेही लांब मुक्कामाला जात असेल तर हे नीट वाचा, विशेषतः खोली भाड्याने घेणार असाल तर.

सुरुवात एअरपोर्टपासून. पुडोंगला उतरलो की बाहेर पडायच्या आतच दोन-चार जण "टॅक्सी टॅक्सी" करत चिकटतात. एकाने मला मोबाईलवर आकडा टाइप करून दाखवला, ५००. मी मनात म्हटलं बाळा, मी तुझा बाप आहे. सरळ मेट्रो पकडली, लाइन २ ने च्यांगसू रोडला उतरून लाइन ११, तिथून थेट आनटिंग. दोन तासांच्या वर वेळ लागला, सिंगापूरहून रात्रीचा प्रवास करून आल्यामुळे डोळे मिटत होते, पण तिकीट लागलं दहा युआन! युआनचे तेव्हा साधारण बारा रुपये धरा, म्हणजे सव्वाशे रुपयांत अख्खं शहर आरपार. तिथली मेट्रो पहिल्या सहा किलोमीटरला ३ युआन आणि पुढे दर दहा किलोमीटरला एक युआन वाढवते, बस २ युआन, टॅक्सीचा मीटर १४ च्या आसपास सुरू होतो. जाणं-येणं खरंच स्वस्त आहे, त्यात कोणी फसवत नाही, फक्त रांगेतली मीटरची टॅक्सी घ्या आणि आत येऊन चिकटणाऱ्याकडे बघूसुद्धा नका.

आनटिंग म्हणजे शांघायच्या पार वायव्येला, जियादिंग जिल्ह्यात, सगळा गाड्यांचा एरिया, आपलं चाकणच समजा, फक्त रस्ते धड आहेत. तिथे कंपनीने साध्या हॉटेलात खोली घेऊन दिली होती, दिवसाला २६० युआन, पण दोनच आठवडे. पुढे राहायचे-खायचे म्हणून ठोक रक्कम मिळणार होती, त्यातून वाचेल ते आपलं. आता मोशीच्या फ्लॅटचा हप्ता चालू असलेल्या माणसाला "वाचेल ते आपलं" म्हटल्यावर त्याच्या डोक्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

खाण्यात मी वाचवायला लागलो होतोच. सकाळी दोन-तीन बाओझी, म्हणजे आत सारण भरलेले वाफवलेले पाव, एक साधारण अडीच-तीन युआनला, ते पण भाजीचे, नाहीतर आत काय निघेल सांगता येत नाही. दुपारी लान्झोउ नूडल्सचं दुकान. तिथे डुक्कर अजिबात नसतं कारण दुकानं मुसलमान लोकांची, पण गाय मात्र असते, म्हणजे आपली दोन्हीकडून पंचाईत. मग टोमॅटो-अंड्याचे नूडल्स, १५-१६ युआन. शहरात इंडियन हॉटेलं आहेत पण दाल आणि दोन नान खाल्ले की ऐंशी-नव्वद युआन जातात आणि वर पोट भरत नाही. असा पैपैचा हिशोब मी रोज रात्री फोनमध्ये लिहून ठेवायचो.

तर झालं असं की ऑफिसमधल्या एकाने मला वीचॅटवरच्या, म्हणजे तिकडच्या व्हॉट्सअॅपवरच्या, एका ग्रुपमध्ये टाकलं, तिथे परदेशी लोकांसाठी खोल्यांच्या जाहिराती यायच्या. आनटिंगला स्वतंत्र बाथरूमवाली खोली बाकी सगळीकडे ३००० च्या पुढे, आणि एक पोरगा म्हणत होता २४००, एजन्सीचं कमिशन शून्य. शांघायमध्ये रस्त्यावरच्या एजंटकडून खोली घेतली तर महिन्याच्या भाड्याच्या ३५ टक्के तुमच्याकडून आणि ३५ टक्के मालकाकडून असा रिवाज आहे, हे मला माहिती होतं, त्यामुळे इथेच हजारभर वाचले म्हणून मी खूश. पोरगा पंचविशीतला, इंग्रजी झकास, डोक्यावर बेसबॉलची टोपी. पुढे त्याने मलाच टोपी घातली म्हणून मी त्याला टोपीवालाच म्हणतो.

खोली बघितली. आठवा मजला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. बेड, टेबल, एसी, खिडकी. भिंतीवर टकटक केलं तर पोकळ आवाज आला, जिप्समची होती. तो म्हणाला नवीन रिनोव्हेशन आहे. खरं म्हणजे तो फ्लॅटचा हॉल होता, त्याच्यात भिंत घालून दोन खोल्या पाडल्या होत्या. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहत होतो! घराची अशी कोंबाकोंबी करून भाड्याने देणं तिथे बंद आहे, शांघायचे लोक त्याला छ्युन्झू म्हणतात, त्यावर कारवाई होते. हे मला नंतर कळलं. बरं, हा ज्ञानाचा भाग नंतर कळण्याचा सिलसिला अजून बराच चालणार आहे.

भाड्याची पद्धत तिकडे "या यी फू सान", म्हणजे एका महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. पद्धत खरी आहे, सगळीकडे तीच चालते, म्हणून संशय आला नाही. २४०० चोक ९६००, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या आत-बाहेर. आता द्यायचे कसे? आपण आपलं भारतातलं कार्ड अलीपे किंवा वीचॅट या तिकडच्या पेमेंटच्या अॅपला जोडतो, त्याने दुकानात, मेट्रोत, टॅक्सीत सगळीकडे पैसे देता येतात, पण एका माणसाला थेट पैसे पाठवता येत नव्हते, बाहेरच्या कार्डावर तेव्हा ती सोयच नव्हती. हे टोपीवाल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहिती होतं. म्हणाला काही हरकत नाही, कॅश चालेल. मी एटीएममध्ये चार वेळा कार्ड घालून पैसे काढले, प्रत्येक वेळी बँकेने चार्ज कापला तो वेगळाच. ९६ नोटा. आणि गंमत बघा, त्याने प्रत्येक नोट उजेडात धरून खोटी नाही ना ते बघितलं. मी बिचारा अदबीने उभा! वर लाइट आणि वायफायचे म्हणून ३०० युआन आणखी घेतले.

पावती मागितली तर वहीतल्या कागदावर चिनीत दोन ओळी लिहून दिल्या. करार होता, चार पानी, सगळा चिनी. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलं तर भाडं, तारीख, नाव सगळं बरोबर होतं. फक्त त्याच्यात त्याचं नाव "भाड्याने देणारा" म्हणून होतं, आणि भाड्याने देणारा म्हणजे मालक असं मी गृहीत धरलं. कंपनीला दाखवायला सरकारी बिल, ज्याला तिकडे फापियाओ म्हणतात, ते मागितलं तर म्हणाला पाच टक्के जास्त लागतील. मी म्हटलं राहू दे. बघा, इथेही वाचवले!

आता खरा मुद्दा. चीनमध्ये परदेशी माणूस हॉटेलात राहिला तर हॉटेलवाले त्याची पोलिसात नोंद आपोआप करतात. पण घरात राहिला तर चोवीस तासांच्या आत स्वतः नोंद करायची, जवळच्या पोलीस चौकीत, त्याला पायचुसुओ म्हणतात. नाही केली तर वॉर्निंग किंवा दोन हजार युआनपर्यंत दंड. नोंदीला भाडेकरार लागतो आणि मालकाचे कागद लागतात, म्हणजे घराच्या मालकीचा दाखला, फांगचानझंग, आपल्याकडे इंडेक्स टू मागतात तसं. पुण्यात आपण भाडेकरूची पोलीस नोंद कशी करतो, किंवा करायची टाळतो, तेच डोक्यात होतं. टोपीवाला म्हणाला, पोलिसात गेलं की मालकाला टॅक्स लागतो, कोणी विचारत नाही, पुढच्या आठवड्यात मीच करून देतो. मलाही वाटलं टॅक्स वाचवतोय बिचारा, आपलाच माणूस!

पण कामाच्या व्हिसावर गेलेल्याला तीस दिवसांत रेसिडन्स परमिटचा अर्ज करावा लागतो आणि त्याला त्याच नोंदीचा कागद जोडतात. एचआरची मुलगी रोज विचारायला लागली, कागद कुठे? मी टोपीवाल्याला मेसेज करायचो, तो हसरे चेहरे पाठवायचा. आज मालक गावाला, उद्या मालकाची आई आजारी. नऊ दिवस असे गेले, शेवटी ती मुलगीच मला घेऊन चौकीत गेली.

चौकीत एका हवालदाराने कॉम्प्युटरमध्ये पत्ता टाकला, मालकाचा नंबर काढला आणि तिथूनच फोन लावला. स्पीकरवर एका बाईचा आवाज, आधी शांत, मग एकदम चढलेला. एचआरच्या मुलीचा चेहरा बघूनच मला कळलं. त्या बाईने फ्लॅट एका माणसाला पूर्ण भाड्याने दिला होता, पुढे कोणाला द्यायचा नाही या अटीवर. त्याने भिंती घालून पाच जणांना दिला, आणि तिला दोन महिने भाडंच दिलं नव्हतं. अशा मधल्या माणसाला तिकडे "अर फांगदोंग" म्हणतात, दुसरा मालक. सगळे दुसरे मालक लबाड नसतात, काहींकडे खऱ्या मालकाची लेखी परवानगी असते. माझ्यावाल्याकडे फक्त टोपी होती.

मी तिथूनच त्याला मेसेज केला. मेसेजच्या शेजारी लाल गोल आणि त्यात उद्गारचिन्ह आलं. नेट चालू असताना वीचॅटवर हे चिन्ह आलं की बहुतेक समजायचं समोरच्याने तुम्हाला उडवलंय.

पोलिसांनी दंड केला नाही, हे नशीब, वॉर्निंगवर सोडलं. पण पैशांचं म्हणाले हा दोघांमधला व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. शहराची १२३४५ हेल्पलाइन आहे, इंग्रजीत बोलतात, तिथेही तक्रार नोंदवली. त्यांचा पहिला प्रश्न, पैसे दिल्याचा पुरावा? माझ्याकडे वहीतला कागद, त्याच्यावरची सही वाचता येत नव्हती आणि करारातल्या नावाशी जुळतही नव्हती. शेजारच्या खोलीत जेवणाचे पार्सल पोचवणारा एक पोरगा राहायचा, तोही बुडाला होता, पण त्याने सगळे पैसे वीचॅटवरून दिले होते, तारीखवार रेकॉर्ड. त्याचं प्रकरण पुढे सरकलं आणि थोडेफार परत मिळाले असं ऐकलं. माझ्या ९६ नोटांचा माग कुठे काढणार.

शांघायमध्ये नऊ वर्षं असलेले सांगलीचे एक दादा आहेत, त्यांना त्या रात्री फोन केला.

"किती दिलेस?"

"नऊ हजार सहाशे. वर तीनशे लाइटचे."

"रोख?"

"हो दादा."

"मग कृष्णार्पण म्हण आणि झोप. आणि लाइटचे कुठल्या रेटने घेतले रे?"

"दीड युआन युनिट."

ते हसायलाच लागले. शांघायमध्ये घरगुती विजेचा साधा दर दिवसा ०.६१७ युआन आणि रात्री दहा ते सकाळी सहा ०.३०७. म्हणजे रात्री एसी लावून झोपलो की तो माझ्याकडून जवळजवळ पाचपट घेत होता. शांघायला उत्तरेसारखं सरकारी हीटिंग नसतं, थंडीत सगळी मदार एसीवरच, जानेवारीपर्यंत राहिलो असतो तर अजून किती गेले असते कोणास ठाऊक. दादांचं एकच म्हणणं, "अरे घर बघायला जातोस तेव्हा पहिल्यांदा म्हणायचं, चला आत्ता पायचुसुओला जाऊ, मग पैसे देतो. जो येतो तो मालक. जो कारणं सांगतो त्याला तिथेच राम राम."

मालकीण बाईने आम्हाला चार दिवस दिले, तिचीही चूक नव्हती. ऑफिसमध्ये मी आठवडाभर कोणाला सांगितलं नाही, बायकोला तर डिसेंबरमध्ये सांगितलं, तेही निम्मा आकडा. हे वाचून उरलेला निम्मा कळेल तिला, कळू दे.

दुसरी खोली रस्त्यावरच्या शटरवाल्या एजंटकडून घेतली. ३१०० भाडं, ३५ टक्के कमिशन मुकाट्याने मोजलं. डिपॉझिट आणि भाडं यावेळी एचआरच्या मुलीने तिच्या वीचॅटवरून पाठवलं, वर "डिपॉझिट" आणि "भाडं" असं लिहून, आणि मी तिला कॅश दिली. मालकीण साठीच्या पुढची. तिकडे अशा बाईला "आयी" म्हणतात, मावशी, मला ते आपल्या आईसारखंच ऐकू यायचं आणि हाक मारताना बरं वाटायचं. मी पैशांच्या आधी पायचुसुओचं नाव काढलं तर ती म्हणाली चल, लगेच चप्पल बदलून निघाली. घराचा दाखला तिने एका जुन्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीला रबर लावून ठेवला होता, अगदी आमच्या आजीचं रेशन कार्ड असायचं तसा. चौकीत दहा मिनिटं लागली, एक युआन लागला नाही. परत आल्यावर तिने मला मीटरपाशी नेलं, दिवसाचा आकडा आणि रात्रीचा आकडा वेगवेगळा दाखवला, आणि माझ्याच फोनमध्ये दोन्हीचा फोटो काढायला लावला.