माडिया न येणाऱ्या डॉक्टरने रुग्णाशी बोलावे कसे : पर्यायांचा तुलनात्मक आढावा

बंधपत्रित सेवेसाठी, म्हणजे शिक्षणानंतर कराव्या लागणाऱ्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यात रुजू होणाऱ्या तरुण डॉक्टरला पहिल्याच दिवशी भाषेची अडचण जाणवते. माडिया ही द्रविड कुळातली भाषा असल्यामुळे मराठीच्या आधाराने तिचा अंदाज बांधता येत नाही, आणि आतल्या गावांतून येणाऱ्या अनेक वयस्क स्त्रियांना मराठी कळत नाही. तपासणीच्या खोलीत अशा वेळी हातवारे आणि चित्रे, रुग्णासोबत आलेला नातेवाईक, मोबाइलवरचे भाषांतर, शिकवून तयार केलेली स्थानिक दुभाषी आणि स्वतः भाषा शिकणे असे मार्ग उपलब्ध असतात. हे मार्ग एकाच तोलाचे नाहीत, आणि कोणत्या मार्गावर किती भिस्त ठेवायची हे रुजू होतानाच ठरवलेले बरे.

हातवाऱ्यांनी वाटते त्यापेक्षा बरेच काम होते. कुठे दुखते, सूज कधीपासून आहे, श्वास घेताना कळ येते का, एवढे बोट दाखवून आणि चेहऱ्याकडे नीट पाहून कळू शकते. चित्रांचे मात्र तसे नाही. गोळ्यांच्या पाकिटावर काढलेला अर्धा सूर्य उगवतीचा की मावळतीचा, हे चित्र काढणाऱ्यालाच माहीत असते. त्यापेक्षा प्रत्यक्ष वस्तू हातात देणे अधिक खात्रीचे आहे. जुलाब झालेल्या बाळाच्या आईला जलसंजीवनीची पुडी, एक लिटरची बाटली आणि पेला देऊन तिच्याकडूनच द्रावण तयार करून घ्यावे. तिने अख्खी पुडी पेलाभर पाण्यात ओतली, तर काय समजले नाही ते तत्क्षणी दिसते, आणि बाळाला अपाय होण्याआधी ते सुधारता येते. तिने मान डोलावली म्हणजे तिला समजले असे धरून चालू नये, कारण मोठ्या माणसासमोर आदराने आणि संकोचानेही मान डोलते. काल घरात काय घडले, आधी कोणते औषध घेतले, पाळी कधी चुकली, हे मात्र हातवाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तिथे नातेवाईक पुढे होतो, आणि माझ्या मते सर्वांत सावध राहायचे ते इथेच. तो फुकट असतो, हजर असतो, त्याला थोडेफार मराठी येते, त्यामुळे तो पुरेसा वाटतो. ग्लेन फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मुलांच्या आपत्कालीन विभागांतील संभाषणे तपासून २०१२ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भाषांतराच्या चुकांपैकी उपचारावर परिणाम करू शकतील अशा चुकांचे प्रमाण व्यावसायिक दुभाषी असताना १२ टक्के, ऐनवेळी मदतीला घेतलेला माणूस असताना २२ टक्के आणि कोणीच नसताना २० टक्के होते. म्हणजे हाताशी सापडलेल्या माणसाने बोलणे वाढले, पण ते अधिक सुरक्षित झाले नाही. शंभर किंवा त्याहून अधिक तासांचे प्रशिक्षण घेतलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत हेच प्रमाण २ टक्क्यांवर आले, तर नुसत्या अनुभवाच्या वर्षांनी असा फरक पडलेला दिसला नाही. ‘आमचा शिपाई दहा वर्षे हेच करतो’ या आश्वासनावर विसंबण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

स्त्रियांच्या आजारांत तर नातेवाईक अडसरच ठरतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांचा जो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, पण पूर्वी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. जे दुखणे स्त्रिया इतकी वर्षे अंगावर काढतात, ते नवरा किंवा दीर दुभाषी म्हणून समोर बसलेला असताना उघड होईल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

मोबाइलचा विचार थोडक्यात आटोपता येईल. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’ ॲपमध्ये गोंडीचा समावेश आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. माडिया ही गोंडीच्या जवळची मानली जाते. परंतु गोंडी प्रदेशागणिक बदलते, आणि छत्तीसगडमधील बोलीवर आधारलेले भाषांतर भामरागडच्या आजीला पोहोचेलच असे नाही. ॲपने दिलेले वाक्य बरोबर आहे की नाही हे ओळखण्याइतकी भाषा आपल्याला येत नसेल, तर औषधाच्या मात्रेसारखी गोष्ट त्याच्यावर सोपवू नये.

राहिले दोन पर्याय, आणि निवड खरी या दोहोंतच आहे. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया शिकले. आयुष्य तिथेच काढायचे असेल तर याला तोड नाही. सेवा वर्षभराची असेल, तर मात्र एक पेच उभा राहतो : प्रश्न पाठ होतात, पण त्यांची उत्तरे कळत नाहीत. म्हणून सुरुवातीला ज्यांचे उत्तर बोटाने, आकड्याने किंवा हो-नाहीने मिळेल असेच प्रश्न शिकावेत. शिवाय नाव विचारणे, बसायला सांगणे आणि ‘आता थोडे दुखेल’ अशी पूर्वसूचना देणे ही वाक्ये स्वतःच्या तोंडूनच यावीत. रुग्णाची भीती त्याने बरीच कमी होते.

बाकीच्या संवादासाठी गावातलीच एखादी स्त्री तयार करावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला, न्यूमोनिया ओळखायलासुद्धा शिकवले. तेव्हा दुभाषी घडवणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. तिला शिकवायचे ते असे, की रुग्ण बोलेल ते सगळे सांगायचे, मधले गाळायचे नाही, स्वतःचे मत जोडायचे नाही आणि ऐकलेले गावात बोलायचे नाही. ती शेजारीण असल्यामुळे ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे, आणि काही रुग्णांसाठी दुसऱ्या गावची बाई लागेल. आशा ताई हे काम उत्तम करू शकतात, पण त्यांच्या मोबदल्याचा काही भाग ठरवून दिलेल्या कामांवर अवलंबून असतो, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात तासन्‌तास बसण्याचे वेगळे मानधन रुग्णालयाचा निधी पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रुजू झाल्यावर लगेच मागून घ्यावे. रात्री ही दुभाषी नसेल तेव्हा नातेवाइकाला बोलवावेच लागते. त्या वेळी त्याच्याकडून आलेली माहिती केसपेपरवर तशी नोंदवावी आणि सकाळी तिच्यामार्फत रुग्णाला पुन्हा विचारावी.