डेंग्यूची रॅपिड कार्ड टेस्ट: ५ पैकी ४ स्टार

ऑगस्टमध्ये आईला ताप आला, १०२ च्या खाली उतरेचना, डोळ्यांच्या मागे ठणका आणि अंग नुसतं ठेचल्यासारखं, म्हणून दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या लॅबमध्ये डेंग्यूची कार्ड टेस्ट करून घेतली. अर्ध्या तासात रिपोर्ट हातात, आणि लॅबमधल्या दादांनी आधी विचारलं काय तर तापाचा कितवा दिवस. ते फॉर्मवर लिहिलं पण. हे मला फार आवडलं.

रक्त मशीनमध्ये फिरवून वरचं पिवळसर सीरम काढलं, थेंब कार्डच्या खाचेत सोडले. गुलाबी रंग हळूहळू पट्टीवर सरकत गेला, मग मागचं पांढरं झालं, सी पाशी (टेस्ट नीट चालली हे सांगणारी) ठळक रेघ आणि टी पाशी (खरा निकाल सांगणारी) अगदी फिकट, डाळिंबाच्या पाण्यात काडी बुडवून ओढल्यासारखी. दादा म्हणाले, "फिकी असली तरी पॉझिटिव्हच धरायची ताई, फक्त दिलेल्या वेळेतच बघायचं, नंतर उमटलेली रेघ धरायची नाही."

मला वाटायचं हा साधा रंग असेल, तर ते चक्क सोनं असतं! साधारण ४० नॅनोमीटरचे कण, त्यांच्यावर अँटिबॉडी चिकटवलेल्या, डेंग्यूचं एनएस-१ प्रोटीन मिळालं की त्याला धरून टी रेघेवर अडकतात. एवढं बारीक सोनं ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतं म्हणून पिवळं न दिसता लाल दिसतं, फॅरेडेने १८५७ मध्येच यावर लिहून ठेवलंय. आईच्या आजाराची खबर सोन्याने दिली, अजून नवल वाटतं.

एक स्टार का कापला, तर गेल्या वर्षी काकांची हीच टेस्ट दुसऱ्या एका लॅबने सहाव्या दिवशी केली, फक्त एनएस-१, निगेटिव्ह आली, आम्ही निर्धास्त झालो आणि दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ४० हजारांवर. एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांतच नीट सापडतं हो, त्यानंतर आयजीएम, म्हणजे आजाराविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी, पण बघावं लागतं, आणि हे पेशंटला कोणीतरी सांगायला नको का?

आईच्या डॉक्टरांनी लगेच एलायझा, म्हणजे मशीनवरची जास्त भरवशाची रक्ततपासणी, पण करायला लावली, कारण सरकारी नियमात नुसत्या कार्डावर डेंग्यू पक्का धरत नाहीत. तिथे रेघ डोळ्यांनी बघायची नसते, मशीन प्रकाश मोजून आकडा देतं. तीही पॉझिटिव्ह आली. पण तोवर आईचं पाणी, ओआरएस आणि रोजचा प्लेटलेट काउंट आम्ही सुरू केलं होतं, त्या फिकट रेघेच्या भरवशावर.