आईसोबत देवगिरीची बारादरी

आई दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला जाते. नाथांचे गुरू जनार्दन स्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, हे तिला तोंडपाठ. पण अडुसष्टी गाठली तरी किल्ला पाहिलेला नव्हता. ऑक्टोबरात एका मंगळवारी जालन्याहून पहाटेच निघालो.

ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी पायथ्याचा परिसरच तास-दीड तासाचा आहे. मोकळी जागा, झाडांची सावली, हत्ती हौद, चांदमिनार. चिनी महाल चुकवू नका. महालाची पार पडझड झालीय, पण निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे भिंतीला अजून धरून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं इथं कैदेत ठेवलं होतं. आई त्या तुकड्यांपुढं थांबली. "राजाच होता ना रे? आन् मरस्तोवर इथंच?"

पुढं खंदक, आणि खंदकावरून वर पाहिलं की उभा तासलेला कडा. तिथं मला वाटलं, आईला इथूनच परत न्यावं. ती ऐकेना.

कड्याच्या पोटातून वर जाणारी काळोखी वाट म्हणजे अंधारी. तिथं मोबाईलच्या उजेडावर भागलं, पण बॅटरी घेऊन जा. वटवाघळांचा वास नाकात जातो, पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, तर दुसरी गुडघ्याएवढी. आईनं माझा खांदा धरला आणि दर पायरीला "विठ्ठल" म्हणत चढली. गणपतीच्या देवळापाशी बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आमचं पाणी तिथंच संपलं. वर कुठं प्यायचं पाणी मिळालं नाही. परभणीच्या एका कुटुंबानं अर्धी बाटली दिली म्हणून निभावलं. माणशी दोन लिटर तरी न्याच.

आणि मग बारादरी. शाहजहान १६३६ मध्ये दौलताबादला, म्हणजे देवगिरीलाच, आला, तेव्हाचा हा महाल. कमानींतून असा वारा येतो की घामानं अंगाला चिकटलेलं सगळं पाच मिनिटांत वाळतं. सज्जाकडच्या बाजूनं खाली पाहिलं तर तासाभरापूर्वी मान वर करून पाहिलेला चांदमिनार बोटाएवढा दिसतो, आणि तटाच्या रांगा एकीत एक कशा बसवल्यात ते इथूनच उमगतं. माझ्या मते किल्ला समजायचा तर इथवर यायलाच हवं. निम्मे लोक अंधारीतूनच माघारी वळतात, त्याची हळहळ वाटते.

एका गोष्टीनं मात्र जीव तुटला. भिंतींच्या चुन्यावर खिळ्यानं कोरलेली नावं, बदाम, तारखा. एका ताज्या नावावर आईनं तळहात ठेवला, चुन्याची पांढरी भुकटी हाताला लागली. "पुसलं जात नाही रे हे," म्हणाली.

जनार्दन स्वामींचं ठिकाण बारादरीच्याही वर आहे. पादुकांपुढं आई डोकं टेकून बराच वेळ उठलीच नाही. मी बाहेर तोफेपाशी जाऊन बसलो.

वयस्कर माणसं सोबत असतील तर दार उघडताच आत शिरा. दहानंतर दगड तापतात. हाताशी काठी असू द्या, उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो. आम्हाला जाऊन-येऊन साडेपाच तास लागले. खाली आल्यावर आईनं सीताफळांची पाटी पाहिली, दोन डझन घेतली, आणि त्यातली चार आधी त्या परभणीच्या लेकरांना शोधून देऊन आली.